दवाखान्यात जाणाऱ्या भाचीस

चि. सुमेधा हिस,


गुडघेदुखीची तक्रार घेऊन तू दवाखान्यात गेलीस आणि गुडघ्याला हात लावण्यापूर्वीच, केवळ काट्यावरचा आकडा पाहून, ‘आधी वजन उतरवा, मग या’ असा निकाल देऊन तुला परत पाठवले, हे ताईच्या पत्रावरून कळले. परंतु त्याहूनही अधिक चिंता वाटली ती यापुढे कोणत्याच डॉक्टरांची पायरी न चढण्याच्या तुझ्या निश्चयाची. अपमान झालेला रोगी दवाखाना टाळतो आणि टाळलेले दुखणे अंगात मुरत जाते. म्हणून तो निश्चय तू मोडावास, मात्र मान खाली घालून न जाता आपला हक्क ओळखून जावेस, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

ज्या ‘बीएमआय’ या निर्देशांकावरून तुझी परीक्षा झाली, ते वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे गणित बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केटले या संख्याशास्त्रज्ञाने १८३२ च्या सुमारास मांडले, ते मनुष्यसमूहांच्या अभ्यासासाठी. एकेका रोग्याचे निदान करणे हा त्याचा हेतू नव्हता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले: दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. तेव्हा ज्या आकड्याला दोन सडपातळ विद्वानांतील इतका भेद दाखवता येत नाही, त्याच्या आधारे तुझ्या गुडघ्यातील दुखण्याचे कारण तपासणीवाचून कसे ठरावे?

याचा अर्थ वजनाला वैद्यकात स्थान नाही असा मात्र करू नकोस. भूल देताना, काही औषधांची मात्रा ठरवताना, गरोदरपणात किंवा हृदयविकारात अंगात पाणी साठते की काय हे पाहताना वजन घेणे अवश्य असते. आणि कारणावाचून वजन घटू वा वाढू लागले, तर ते तू आपण होऊन सांगितले पाहिजेस. गुडघ्यावर वजनाचा भार पडतो हेही खरे. परंतु सडपातळ माणसांचेही गुडघे दुखतात, आणि तेव्हा सूज, सांध्याची हालचाल, जुनी इजा यांची चौकशी रीतसर होते. तीच चौकशी तुझ्याही वाट्याला यावी, एवढीच आपली मागणी आहे.

म्हणून पुढच्या खेपेस तक्रारींची टाचणे कागदावर करून ने आणि शक्य तर ताईला सोबत घे. वजन करण्यास सांगितले, तर ‘आजच्या उपचारासाठी ते लागेल का?’ असे सौम्यपणे विचार. लागत असेल तर कर, आणि आकडा ऐकायचा नसेल तर काट्याकडे पाठ करून उभी राहा. रक्तदाबाचा पट्टा दंडाला अपुरा पडत असेल तर मोठा पट्टा मागून घे, कारण आखूड पट्ट्याने रक्तदाब आहे त्याहून अधिक दिसतो. बोलणे पुन्हा वजनावरच आले, तर ‘हेच दुखणे सडपातळ रुग्णाला असते, तर आपण कोणती तपासणी केली असती?’ असा थेट प्रश्न कर. आणि तपासणी नाकारली, तर तो नकार सकारण केसपेपरवर नोंदवण्याची विनंती कर. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहिती मिळणे, संमती घेतली जाणे, कागदपत्रांच्या प्रती मिळणे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे, हे सारे हक्क नमूद आहेत. तेव्हा त्यांची मागणी करणे म्हणजे डॉक्टरांचा अवमान होय, अशी भीड मनात बाळगू नकोस.

उपचार मिळण्यासाठी आधी बारीक होण्याची अट कोणालाही घातली जाऊ नये. याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घे, गुडघा नीट तपासून घे, आणि निदान काय झाले ते मला सविस्तर कळव.

तुझा,
मामा