स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर आणि पेडण्याचा रस्ता

पदार्थविज्ञानाच्या तासाला हूकचा नियम शिकवताना मी स्प्रिंगला वजने टांगून दाखवतो. स्प्रिंग किती ताणली ते पट्टीवर मोजायचे, आलेख काढायचा, तो सरळ रेषेत आला की तास संपला. रॉबर्ट हूकने 1678 साली प्रसिद्ध केलेला हाच नियम मी स्वतःच्या मोटारीला लावायला विसरलो. त्याची जबर किंमत मोजण्याची वेळ थोडक्यात टळली. ती हकीकत आणि तीतून मिळालेला धडा प्रस्तुत लेखात सांगावयाचा आहे. आपली गाडी वळणावर घट्ट चिकटून पळावी ही हौस वाईट नव्हे. पण खिसा लहान असतो तेव्हा पहिला रुपया कोठे घालावा हे कळले पाहिजे.

माझे घर पेडण्याला आणि नोकरी बेळगावात. महिन्यातून दोनदा जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी असा उतरत मी डिचोलीला येतो. तेथे बहिणीकडे चहा घ्यायचा आणि पुढे अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, धारगळ करीत पेडणे गाठायचे. या एका प्रवासात रस्त्याचे सगळे प्रकार भेटतात. घाटात वळणामागून वळण, डिचोली तालुक्यात अवजड ट्रकांनी खचवलेल्या कडा, पेडणे तालुक्यात चौपदरी महामार्ग आणि तो सोडला की गावचे अरुंद रस्ते व पावलोपावली गतिरोधक. त्यात गोव्याचा पाऊस वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर!

गाडी म्हणाल तर पेट्रोलवर चालणारी जुनी स्विफ्ट, 2005 साली भारतात आलेल्या पहिल्या पिढीतली. इंजिन 1298 सीसीचे, अश्वशक्ती 87, वजन टनाच्या आसपास. म्हणजे अंगाने हलकी आणि स्वभावाने चपळ. ती आणखी चपळ व्हावी म्हणून दोन वर्षांपूर्वी मी चारही स्प्रिंगा बदलल्या. नव्या स्प्रिंगा जुन्यांपेक्षा सुमारे 30 टक्के कडक होत्या आणि त्यांच्यामुळे गाडी 30 मिलिमीटर खाली बसली. शॉकॲब्सॉर्बर मात्र जुनेच ठेवले, कारण पैसे संपले होते. गाडी दिसायला झोकदार झाली. पहिल्याच फेरीला शेजारी बसलेले कन्नड विभागाचे सहकारी हसून म्हणाले, "सर, ही मोटार आहे की चक्कडी?" मी ते हसण्यावारी नेले.

पुढे जुलै महिन्यात आईला घेऊन चोर्ल्यातून उतरत होतो. पाऊस पडत होता, वेग फार नव्हता. एका डाव्या वळणावर डांबर उखडलेले होते. उजवे चाक त्या खड्ड्यात आपटले, खालून 'ठक्' असा आवाज आला आणि गाडीचे नाक वळणाबाहेर, दरीच्या बाजूला सरकले. समोरून कुणी येत नव्हते म्हणून निभावले. आई काही बोलली नाही. परंतु त्यानंतर तीन महिने ती त्या गाडीत बसली नाही.

डिचोलीला एक वयस्क मेस्त्री आहेत. खनिजाच्या ट्रकांचे पाटे बांधण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी एकदा, दोनदा, तीनदा वरखाली झाली. "सर, स्प्रिंग नवी, पण तिला धरणारा कोण?" एवढेच ते म्हणाले. नंतर गाडी जॅकवर घेऊन त्यांनी फाटलेले रबरी बुश आणि खिळखिळा झालेला बॉल-जॉइंट दाखवला. मी रात्री वही घेऊन बसलो, आणि जे गणित आधी करायचे ते नंतर केले. ते असे.

स्प्रिंगचे गणित

पुढच्या एका चाकावर गाडीचा 280 किलोग्रॅम भार आहे असे उदाहरणादाखल धरू. मूळ स्प्रिंग 1 मिलिमीटर दाबायला 18.7 न्यूटन बल लागते असे समजू. यावरून गाडीच्या नैसर्गिक आंदोलनाची वारंवारता सेकंदाला सुमारे 1.3 येते. साध्या मोटारी 1 ते 1.5 च्या दरम्यान असतात, रस्त्यावरच्या जोमदार गाड्या 2 पर्यंत जातात. स्प्रिंग 30 टक्के कडक केली की 24.3 न्यूटन होतात. पण वारंवारता कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणून ती फक्त 1.48 होते. येथवर काही बिघडले नाही.

बिघडले ते पुढे. स्प्रिंग पूर्ण दबण्यापूर्वी गाडी एका रबरी थांब्यावर टेकते, त्याला बम्प-स्टॉप म्हणतात. मूळ गाडीत तेथवर 80 मिलिमीटर जागा होती असे धरा. गाडी 30 ने खाली आणल्यावर 50 उरली. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ही कडकपणा गुणिले अंतराचा वर्ग, भागिले दोन. पहिल्या स्थितीत ती सुमारे 60 जूल येते, दुसऱ्या स्थितीत सुमारे 30. म्हणजे स्प्रिंग कडक करूनही थांब्यावर आदळण्यापूर्वी धक्का पचवण्याची शक्ती निम्मी झाली! कारण अंतराचा वर्ग होतो, कडकपणाचा होत नाही. शिवाय वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, त्यात या 50 पैकी काही मिलिमीटर आधीच खर्च झालेले असतात. चोर्ल्यातला तो 'ठक्' आवाज म्हणजे थांब्यावर आदळण्याचा आवाज होता. त्या क्षणी सस्पेन्शन जवळजवळ दगडासारखे होते, टायरवरचा भार एकदम चढतो व उतरतो, आणि ओल्या डांबरावर पकड सुटते.

आता शॉकॲब्सॉर्बरकडे वळू. नावाप्रमाणे तो धक्का शोषतो असा समज आहे, तो खरा नव्हे. धक्का स्प्रिंग घेते. शॉकॲब्सॉर्बर तेलाला बारीक भोकांतून ढकलून स्प्रिंगची आंदोलने थांबवतो. या आवर घालण्याच्या प्रमाणाला अवमंदन गुणोत्तर म्हणतात, आणि साध्या मोटारीत ते 0.3 च्या आसपास असते. स्प्रिंग 30 टक्के कडक केली आणि शॉकॲब्सॉर्बर तोच ठेवला तर 0.3 चे 0.26 होते. त्यात तो झिजून निम्मा झाला असेल तर उरते 0.13. अशी गाडी खड्ड्यानंतर नाचत राहते, आणि नाचणारे चाक अर्धा वेळ रस्त्याला नीट टेकलेलेच नसते. टायर टेकला नाही तर पकड कसली?

गाडी खाली आणून काय मिळते?

गाडी खाली बसली की गुरुत्वमध्य खाली येतो व वळणावर फायदा होतो, असे सर्रास सांगतात. तो किती, हेही पाहू. माणसांसह 1100 किलोग्रॅमची गाडी, गुरुत्वमध्य 55 सेंटिमीटर उंचीवर, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर 1.47 मीटर आणि वळणावरचे त्वरण गुरुत्वाच्या निम्मे, असे धरल्यास आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे 206 किलोग्रॅम भार सरकतो. गाडी 30 मिलिमीटर खाली आणली तर हा आकडा 195 होतो. 206 मागे अवघे 11 किलोग्रॅम! आणि त्यासाठी 170 मिलिमीटरच्या जमीन-अंतरातले 30 द्यावे लागतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच व 3.7 मीटर रुंद असावा. गावातले गतिरोधक किती मानक पाळतात हे सुज्ञास सांगणे न लगे.

आणखी एक गोष्ट आहे. या गाडीला पुढे मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना 1950 च्या सुमारास इंग्लंडच्या फोर्ड गाड्यांतून प्रचारात आली आणि भाग कमी, खर्च कमी म्हणून जगभर पसरली. मात्र गाडी फार खाली आणल्यास हिचा खालचा हात आडव्या रेषेच्या वर कलतो, ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो, आणि कलण्याची प्रवृत्ती उलट वाढू शकते. म्हणजे पैसे देऊन विकतचे दुखणे!

पैसे कोणत्या क्रमाने घालावेत?

माझ्या चुकीतून व मेस्त्रींच्या हाताखाली तयार झालेला क्रम खाली देतो.

पहिली पायरी: जे झिजले ते मूळ प्रतीचे बसवा. रबरी बुश, बॉल-जॉइंट, लिंक, शॉकॲब्सॉर्बरवरचे माउंट या वस्तू दिसत नाहीत, म्हणून त्यांची हौस कुणाला नसते. पण समुद्रकाठची खारी हवा आणि पावसाळा यांनी त्या आधी जातात. दहा वर्षांच्या गाडीत एवढे केले तरी ती नव्याने जन्मल्यासारखी वाटते.

दुसरी पायरी: टायर. गाडी रस्त्याला शिवते ती तळहाताएवढ्या चार ठिकाणी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ 2319, म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. खाच 1.6 मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद होतो, पण आपल्या पावसात त्याच्या पुष्कळ आधी बदलावा. मोठी जड चाके व पातळ टायर घेऊ नयेत. चाकाचे वजन स्प्रिंगच्या खालचे, ते वाढले की आवरणे कठीण होते. हवा दाराजवळच्या पाटीवर लिहिली असेल तेवढीच भरावी.

तिसरी पायरी: अलाइनमेंट. याला पेट्रोलची अर्धी टाकी भरण्याइतकाही खर्च नाही, आणि फरक मात्र लगेच कळतो. सस्पेन्शनचा कुठलाही भाग काढून बसवला की हे पुन्हा केलेच पाहिजे.

चौथी पायरी: चांगल्या प्रतीचे शॉकॲब्सॉर्बर, मूळ स्प्रिंगला जुळणारे, मूळपेक्षा थोडे घट्ट. पैसे थोडे असतील तर पुढची अथवा मागची जोडी एका वेळी बदलावी. एकाच बाजूचा नग बदलणे मात्र कटाक्षाने टाळावे.

पाचवी पायरी: एवढ्यानेही गाडी फार कलते असे वाटले तर अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पीळ खाणारा दांडा. याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 22 मिलिमीटरऐवजी 24 चा दांडा घातला की तो सुमारे 42 टक्के कडक होतो! म्हणून येथे बेतानेच जावे. पुढचा दांडा जाड केला तर गाडी नाक बाहेर काढते. मागची बाजू फार कडक केली तर ओल्या वळणावर पाय उचलताच शेपूट फिरते.

कडक स्प्रिंगा सहाव्या पायरीवर येतात, त्याही उंची फारशी न उतरवणाऱ्या आणि त्यांना जुळणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरसह. मूळ स्प्रिंग करवतीने कापून घेणे हा स्वस्त दिसणारा मार्ग तर वर्ज्यच समजावा. तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही व ती निसटू शकते.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे पाळण्यावर भर दिला. तेव्हा मूळ प्रतीच्या भागापलीकडे काही करायचे तर वाहतूक खात्याच्या कचेरीत आधी विचारावे व विमा कंपनीला कळवावे.

असो. मी त्या झोकदार स्प्रिंगा काढल्या, जुन्या परत बसवल्या आणि वरच्या पहिल्या चार पायऱ्या पुऱ्या केल्या. गाडी आता पूर्वीपेक्षा उंच दिसते, पण घाटातली वळणे पूर्वीपेक्षा निश्चिंतपणे घेते. गेल्या पावसाळ्यात आई पुन्हा बरोबर आली. चोर्ल्याला तिला डुलकी लागली, ती साखळीचा बाजार आला तेव्हा जागी झाली.

तात्पर्य, वळणावर गाडीला रस्ता धरून ठेवायचा असतो, आणि तो धरायला चाकाला वर-खाली हलण्याची मोकळीक लागते. येत्या रविवारी घरच्या मोटारीचा कोपरा दाबून सोडून पाहा. ती एक-दीड आंदोलनात स्थिरावली तर उत्तम. तिसऱ्यांदा वर आली, तर स्प्रिंगांच्या जाहिराती बाजूला ठेवा आणि आधी मेस्त्रींकडे जा.