वसईचे हुतात्मे संत गोन्सालो गार्सिया

साधुसंतांचीं चरित्रें वाचतांना पुष्कळदां असें वाटतें कीं, हीं माणसें जन्मतःच निराळ्या घडणीचीं असावींत. त्यांचें धैर्य आपणांस कोठून यावें? ही समजूत बरोबर नाहीं, हें वसईच्या एका सुपुत्राच्या चरित्रावरून स्पष्ट होतें.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारें १५५६ सालीं वसई येथें झाला. त्या वेळीं तेथें पोर्तुगिजांचा अंमल होता. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई वसईकडील होती. येशूसंघीय गुरूंजवळ त्यांचें शिक्षण झालें आणि तरुण वयांतच ते जपानास गेले. तेथें जपानी भाषा उत्तम हस्तगत करून त्यांनीं सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. परंतु येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा सफळ झाली नाहीं.

एवढ्या निराशेनें एखादा कायमचा खचला असता. गोन्सालो यांनीं व्यापार आरंभिला व तो भरभराटीसही आला. पण त्यांचें मन त्यांत रमलें नाहीं. पुढें मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत दाखल झाले, तेही धर्मगुरु म्हणून नव्हे, तर साधे धर्मबंधु म्हणून.

१५९३ सालीं फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें पेद्रो बाप्तिस्ता या धर्मगुरूंस जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांजकडे वकील म्हणून पाठविलें. त्यांचें म्हणणें दरबारांत मांडण्यास जपानी जाणणारा विश्वासू दुभाषी हवा होता. तें काम गोन्सालो यांजकडे आलें. जी विद्या व्यर्थ गेली असें वाटावें, तीच अशी उपयोगीं पडली. त्यानंतर क्योतो येथें राहून या मंडळींनीं मठ स्थापिला आणि गोरगरिबांची व कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली.

परकी धर्मोपदेशकांनीं देश सोडावा, असा हुकूम हिदेयोशी यांनीं १५८७ सालींच काढला होता. मात्र त्याचा अंमल फारसा कडक नव्हता. १५९६ सालीं 'सान फेलिपे' हें स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्यावर फुटलें. त्यांतील माल जप्त झाला, आणि धर्मोपदेशकांच्या मागोमाग स्पेनचें सैन्य येईल हा संशय बळावला. त्याचा कोप या निःशस्त्र मंडळींवर झाला.

क्योतो येथें बंद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला. तेथून ऐन हिवाळ्यांत त्यांस नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें. प्रथम ते चोवीस होते; वाटेंत आणखी दोघे त्यांत सामील करण्यांत आले. या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक ख्रिस्ती होते. सर्वांत धाकटा लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता! ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर त्या सर्वांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं ठार मारण्यांत आलें.

त्यांचें बलिदान निष्फळ झालें काय? १६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली, व पुढें तेथें एकही धर्मगुरु उरला नाहीं. तरीही कित्येक कुटुंबांनीं पिढ्यान् पिढ्या गुप्तपणें आपली श्रद्धा जतन केली. १८६५ सालीं नागासाकीस या हुतात्म्यांच्या नांवें बांधलेल्या मंदिरांत अशीं कांहीं माणसें आलीं व त्यांनीं तेथील फ्रेंच धर्मगुरूंस आपली ओळख सांगितली.

त्यापूर्वींच, ८ जून १८६२ रोजीं, पोप नववे पायस यांनीं या सव्वीस जणांस संतपद दिलें होतें. भारतांत जन्मलेल्यांपैकीं हा मान प्रथम गोन्सालो यांस मिळाला. त्यानंतर तो केरळच्या संत आल्फोन्सा यांस २००८ सालीं मिळाला. वसईंतील एक महाविद्यालयही आज संत गोन्सालो यांच्या नांवानें ओळखलें जातें.

विद्यार्थिमित्रहो, गोन्सालो यांस हवी ती जागा मिळाली नाहीं, म्हणून त्यांनीं सेवा सोडली नाहीं. परीक्षेंत वा पुढील आयुष्यांत इच्छिलेलें पद आपणांसही कदाचित् मिळणार नाहीं. तेव्हां हातीं आलेलें लहान काम मनःपूर्वक करावें आणि शिकलेली विद्या दुसऱ्यांच्या उपयोगीं लावावी. धैर्याची सवय अशा नित्याच्या कामांतूनच लागते. मोठ्या कसोटीच्या वेळीं ती एकाएकीं उत्पन्न होत नाहीं.