पंपिंग ६० टक्के, तरीही दम लागतो

टूडी इको करून आलेल्या रुग्णांशी बोलताना माझा बराच वेळ एका आकड्यापायी जातो. ‘डॉक्टर, पंपिंग साठच टक्के आलंय. म्हणजे चाळीस टक्के हृदय गेलं ना?’ असं विचारताना काहींचा चेहरा पार उतरलेला असतो. दुसरे तोच आकडा पाहून खूश होतात आणि परस्पर गोळ्या बंद करून टाकतात. दोघांचंही चुकतं, पण दुसऱ्यांची चूक जास्त महागात पडते.

हृदयाचा डावा खालचा कप्पा भरला की त्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त मावतं. त्यातलं सत्तरेक मिलिलिटर एका ठोक्यात बाहेर पडतं, म्हणजे ६० टक्क्यांच्या जवळपास. उरलेलं आतच राहायचं असतं. शंभर टक्के पंपिंग कोणाचंच नसतं. ५५ ते ७० हा धडधाकट माणसाचा आकडा. तेव्हा ६० बघून घाबरू नका.

पण निर्धास्तही होऊ नका. ते टक्के कशाचे, हे बघायला हवं. वय वाढतं तसा हा कप्पा आक्रसतो. समजा त्यात ८० मिलिलिटरच मावतं आणि ४८ बाहेर पडतं, तरी रिपोर्टवर ६० टक्केच छापून येणार. शरीराला मात्र प्रत्येक ठोक्यामागे वीसेक मिलिलिटर रक्त कमी मिळालं.

अमेरिकेत २००० साली ‘मेसा’ नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात हृदयविकार नसलेल्या स्त्री-पुरुषांच्या हृदयाचे एमआरआय काढले आणि सुमारे दहा वर्षांनी पुन्हा काढले. डाव्या कप्प्यात मावणारं रक्त दोघांचंही कमी झालेलं दिसलं. पुरुषांच्या हृदयाच्या स्नायूचं वजन मात्र वाढलं होतं. स्त्रियांचं वाढलं नव्हतं, उलट किंचित घटलं होतं. म्हणून नवऱ्याच्या रिपोर्टवरून बायकोच्या हृदयाचा अंदाज बांधू नका. बायकांचं हृदय मुळातच लहान असतं आणि ते म्हातारंही वेगळ्या रीतीने होतं.

त्यातच वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला, मधुमेह असला, वजन वाढलं, की कप्प्याची भिंत कडक होते. वाळून ताठरलेल्या पखालीत पाणी भरायला जोर लागतो, तसं या हृदयात रक्त शिरायला जोर लागतो. रक्त मागे तुंबतं, फुप्फुसात दाब वाढतो आणि दम लागतो. हे हार्ट फेल्युअरच. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. ते गरजेला पुरं न पडणं. अशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचं पंपिंग रिपोर्टवर चांगलंच असतं आणि त्यांत वयस्क बायका जास्त असतात.

खडकी बाजारातल्या सत्तरीच्या एक आजी अशाच आल्या. यजमान अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले. खडकी स्टेशनच्या पुलावर आजींना मध्येच थांबावं लागायचं. घरचे म्हणाले, वय झालं. रात्री आडवं झालं की घुसमट व्हायची, म्हणून त्या भिंतीला टेकून बसायच्या. त्यावर निदान झालं पित्ताचं, आणि जिऱ्याचं पाणी सुरू झालं. इकोत पंपिंग ६२ टक्के आल्यावर तर सगळे निश्चिंत. ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून बीपीची गोळी बंद आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी रोज चालू. ही गोळी अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्याकडे आल्या तेव्हा नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडत होता.

वेदनाशामक बंद केलं, लघवीवाटे पाणी काढलं, रक्तदाब आटोक्यात आणला. काही दिवसांत आजी एका उशीवर झोपू लागल्या. मग एक गोळी त्यांनी परस्पर सोडली, का तर ‘मला शुगर नाही, मग शुगरची गोळी कशाला?’ बाई, ती गोळी मधुमेहासाठी निघाली हे खरं. पण २०२१ आणि २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचण्यांत, पंपिंग चांगलं असूनही हार्ट फेल्युअर असलेल्यांना तिचा उपयोग दिसला. रुग्णालयात भरती व्हायची वेळ कमी आली. गोळी का दिली हे आम्हाला विचारा. तो तुमचा हक्क आहे. मेडिकलवाल्याला किंवा भाच्याच्या मोबाइलला विचारून ती सोडू नका.

मोबाइलवरच्या लिंबू-आलं-लसणाच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळत नाही. कडक झालेली भिंत तर ब्लॉकेज नव्हेच. शेंदेमीठ हेही मीठच. ते भरपूर खाल्लं तर पाणी साठणारच. छातीत दुखलं की जिभेखाली गोळी ठेवा, हा संदेश तर मला फार धोक्याचा वाटतो. महाधमनीची झडप चुना साठून अरुंद झाली असेल तर त्या गोळीने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. ज्याला डॉक्टरांनी दिली असेल त्यानेच ती घ्यावी.

या झडपेचा आजार साठी-सत्तरीनंतर वाढतो. जिना चढताना चक्कर येणं, शुद्ध हरपणं, छाती दाटणं ही त्याची लक्षणं, आणि पहिला सुगावा साध्या स्टेथोस्कोपने लागतो. ‘या वयात कुठे चिरफाड’ म्हणून गप्प बसू नका. अनेकांची झडप आता मांडीच्या रक्तवाहिनीतून बसवता येते.

दम लागणं हा वयाचा दोष मानू नका. मागच्या वर्षी जो जिना सहज चढत होता तिथे यंदा थांबावं लागतंय, झोपायला एकाऐवजी दोन उशा लागतायत, रात्री घुसमटून उठावं लागतंय, संध्याकाळी दोन्ही पावलं सुजतात, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलंय, नाडी वेडीवाकडी लागतेय, यातलं एक जरी असलं तरी त्याच आठवड्यात दाखवा. बायकांनी विशेष लक्ष द्यावं. तुमच्यात झटका कधीकधी छातीत न दुखताच येतो. मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ, अचानक गळून जाणं एवढंच दिसतं. तेव्हा सोडा पिऊन वाट पाहू नका, १०८ला फोन करा.

पुढच्या वेळी येताना इकोचा कागद आणा, घरात चालू असलेली प्रत्येक गोळी आणि काढा पिशवीत घालून आणा, आणि किती उशा घेऊन झोपता ते न विचारताच सांगा.