पाणी कुठं जाणार?

गडब गावातल्या माझ्या दारात आज जी डांबरी वाट आहे, ती दुसऱ्यांदा केलेली आहे. पहिली एका पावसाळ्यात गेली. नुसते पैसे गेले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो. त्या वाटेपायी शेजारच्या वहिनींच्या मुलाचं मनगट मोडलं, आणि त्याला कारण मी होतो.

२०१८ च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. मृग तोंडावर आलेला. घरापासून गावच्या रस्त्यापर्यंत बारा फूट रुंद, साठ फूट लांब अशी आमची वाट. पावसात तिचा चिखल व्हायचा, टेम्पो रुतायचा, आणि आई काठी टेकत बाहेर पडली की ती घरी परत येईपर्यंत जिवाला घोर लागायचा. जवळच एका रस्त्याचं काम चाललं होतं. एका संध्याकाळी तिथला ठेकेदार दारात आला. "गाडीत माल उरलाय, निम्म्या भावात टाकून देतो," म्हणाला. मी हो म्हटलं. वाटेच्या तोंडाशी रस्त्याकडेचं गटार होतं. गाडी चढायला अडचण नको म्हणून त्यानं त्यात डबर भरून चढ केला. तेही मला विचारूनच केलं. दोन तासांत वाट काळी कुळकुळीत झाली. आई उंबऱ्यावर बसून बघत होती. तिला किती बरं वाटलं होतं!

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. डंपरमधून माल ओतला तेव्हा त्याचा ढीग उभाच्या उभा राहिला, वर साय धरल्यासारखा कडक. घमेल्यानं फोडून फोडून तो पसरावा लागला. मला वाटलं, माल घट्ट आहे म्हणजे चांगला आहे. तो थंड झालेला होता. डांबर मिसळलेली खडी प्लांटमधून निघते तेव्हा साधारण १५० ते १६० अंशांवर असते. तापलेला माल ओतला की ढीग आपोआप बसका होतो, अंगावर चकाकी असते. उष्णता ९० अंशांच्या खाली उतरली की कितीही रोलर फिरवा, खडी खडीला धरत नाही, आतल्या फटी तशाच राहतात. उलट मालातून निळसर धूर निघत असेल तर डांबर जळलेलं आहे, तोही परत पाठवावा. उरलेल्या मालाची गाडी किती वेळ उभी होती, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आमच्याकडे पाऊस ३,००० मिलिमीटरच्या पुढे-मागे पडतो आणि जमीन खारेपाटाची, म्हणजे खाडीकाठची खारी आहे. ही माती उन्हाळ्यात पाय जाईल एवढी भेगाळते आणि पावसात पाणी पिऊन फुगते. आषाढात वाटेच्या मधोमध पहिल्या बारीक भेगा दिसल्या. पंधरा दिवसांत त्यांचं जाळं झालं, सुसरीच्या पाठीसारखं. टेम्पोचं चाक पडलं की त्या जाळ्यातून राखाडी चिखल वर यायचा. खालची माती खडीच्या फटींतून वर चढत होती. श्रावणात डांबराचे पापुद्रे हातानं उचलता येऊ लागले. एक पापुद्रा मी उलटा करून पाहिला. पाठीला धूळ चिकटलेली होती, आणि खडी अशी स्वच्छ होती की तिला कधी डांबर लागलंच नव्हतं असं वाटावं. पाणी खडी आणि डांबराच्या मध्ये शिरतं आणि डांबर सोडवून घेतं. धुळीवर टाकलेल्या मालाचं तर विचारूच नये.

पण खरा अपराध घडत होता तो वाटेच्या तोंडाशी. गटार बुजलं होतं. वरच्या आळीचं सगळं पाणी माझ्या चढाला अडून गावच्या रस्त्यावर पसरायचं. तिथं खड्डा पडला आणि वाढत गेला. गणपतीच्या दोन दिवस आधी, लाईट गेलेली असताना, वहिनींचा मुलगा मोटारसायकलवरून आला. पाण्याखालचा खड्डा त्याला दिसला नाही.

त्याला दवाखान्यात पोचवून परत आलो तेव्हा आमचे एक काका माझ्या चढापाशी उभे होते. बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून त्यांनी जन्म घालवला. आपल्या वाट्याच्या रस्त्याची साईडपट्टी, गटार, मोऱ्या सांभाळणं हे मैलकुलीचं काम. ते ओरडले नाहीत. काठीनं बुजलेलं गटार दाखवलं आणि एवढंच म्हणाले, "डांबर टाकताना एवढं तरी बघायचं, पानी कुठं जानार?"

मी खारेपाटातल्या शेतकऱ्याचा मुलगा. उधाणाच्या आधी वडील बांधावरून चालत जायचे आणि खेकड्याचं बीळ दिसलं की तिथंच बसून चिखलानं बुजवायचे. बिळातून पाणी झिरपतं, झिरपलेलं पाणी माती नेतं, आणि एका रात्रीत बांधाला खांड पडते. खाडीचं खारं पाणी शिरलेलं शेत पुढं काही वर्षं धड पिकत नाही. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायला उघाडी नसेल तर बांध कितीही उंच घाला, भात कुजणारच. हे सगळं मला ठाऊक होतं. वाटेलाही हेच लागू आहे, हे मात्र काकांनी काठी टेकवेपर्यंत ध्यानात आलं नाही.

पाऊस सरल्यावर सगळं उखडलं. सगळ्यात आधी, ग्रामपंचायतीला विचारून, गटार मोकळं केलं आणि चढाखाली फूटभर व्यासाचा सिमेंटचा पाईप घातला. तुम्ही दारात काही करणार असाल तर सुरुवात इथून करा. गटार आपल्या मालकीचं नसतं, आणि त्यात अडलेलं पाणी दुसऱ्याच्या दारात जातं.

मग पहारीनं फूट-दीड फूट खणून पाहिलं. खाली चिकण खारी माती लागली तर तिच्यावर थेट खडी टाकू नये. खडी खाली जाते, माती वर येते. मी आधी जाड जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं, त्यावर सहा इंच चांगला मुरूम पाणी मारून दाबला आणि वर खडीचे थर घेतले, प्रत्येक थरावर रोलर फिरवून. दोन्ही कडांना जांभ्या चिऱ्याची ओळ बसवली, कारण डांबराची कड उघडी राहिली की चाकाखाली ती बिस्किटासारखी तुटते. ढाळ बारा फुटांना चार इंच धरला. भरपूर पावसाच्या मुलखात रस्त्याला अडीच टक्के उतार देतात, त्याच्यापेक्षा थोडा जास्तच. डांबराआधी पाईप लावून पाणी सोडलं आणि ते कुठं थांबतं ते खडूनं खुणा करून ठेवलं. खालच्या थरावरचं डबकं वरच्या थरावर उमटतंच.

खडीवर इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, मारतात तेव्हा घाई करू नका. ते तपकिरी असतं, त्यातलं पाणी निघून गेलं की काळं होतं. तपकिरी आहे तोवर त्यावर माल टाकला तर ओलावा आत कोंडतो. माझ्या घाईच्या कामात हा थर नव्हताच. मालाचा हिशेबही आधी मांडून ठेवा. ७२० चौरस फुटांवर दाबून ४० मिलिमीटरचा थर हवा असेल तर साधारण सहा टन माल लागतो. गाडीच्या वजनाची पावती मागा. दुसऱ्या वेळी मी ती मागितली. आणि दसरा-दिवाळीनंतरच कामाला हात घाला. मेअखेरचं डांबर म्हणजे पावसाशी पैज.

डांबर नीट टाकलं तर टिकतं, याचा दाखला पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यानं दिला आहे. १९७६ मध्ये रेकॉन्डो या कंपनीनं दहा वर्षांची हमी देऊन तो केला, आणि हमी संपल्यानंतरही कित्येक पावसाळे तो खड्ड्यांवाचून राहिला. आमच्या उंबऱ्यावरचा मुंबई-गोवा महामार्ग मात्र लोकांनी वर्षानुवर्षं भोगला. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, आणि पुढं डांबराऐवजी काँक्रीटचा मार्ग धरावा लागला. मलाही लोक विचारतात, काँक्रीट का नको? जिथं उधाणाचं पाणी अंगणात उभं राहतं तिथं डांबर नकोच. पेव्हर ब्लॉक लावा, ते काढून पुन्हा बसवता येतात. पाणी निघून जात असेल तर डांबर स्वस्त पडतं आणि दुरुस्तीलाही सोपं.

शेजारी डोलवीला पोलाद कारखाना असल्यानं स्लॅगच्या, म्हणजे पोलादाच्या मळीच्या, भरावाची चौकशीही बरेच जण करतात. याच महामार्गावर स्लॅग वापरून केलेल्या एक किलोमीटरच्या टप्प्याचं उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झालं. त्यामागं केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं तंत्र होतं. पण तो प्रक्रिया केलेला स्लॅग. कच्च्या स्लॅगमध्ये मोकळा चुना असू शकतो, पाणी लागलं की तो फुगतो आणि वरचं सगळं उचलतो. कुठूनही आणून अंगणात ओतू नका.

निगा राखायला पैसा फारसा लागत नाही, नजर लागते. नव्या डांबरावर पहिले काही दिवस गाडी उभी करू नये; उन्हात मोटारसायकलचं साईड स्टँड रुततं, खाली फळकुटाचा तुकडा ठेवावा. टेम्पोतून डिझेल गळत असेल तर ते आधी बंद करा, डिझेल डांबराला विरघळवतं. कडेची हरळी मुळासकट काढा. दिवाळीनंतर वाट झाडून भेगा बघा आणि कोरड्या असतानाच इमल्शन व बारीक कच घालून भरून टाका. ही खेकड्याची बिळं आहेत, ती लहान आहेत तोवरच बुजतात. खड्डा पडलाच तर त्याच्या कडा छिन्नीनं चौकोनी, उभ्या कापा, सुटी माती-पाणी काढा, तळाला आणि कडांना इमल्शन लावा, थंडच वापरायचं तयार डांबरी मिश्रण दोन थरांत भरून प्रत्येक थर धुमसानं ठोका आणि भर किंचित वर ठेवा. खड्ड्यात नुसती माती किंवा विटांचे तुकडे भरणं म्हणजे पाण्याला घर करून देणं.

आणि अंगणात डबा ठेवून डांबर वितळवण्याचा उद्योग कुणीही करू नये. गरम डांबर अंगावर उडालं तर लगेच थंड पाण्याची धार धरा, चिकटलेलं डांबर ओढून काढू नका, कातडी सोबत येते; तसंच दवाखाना गाठा.

वहिनींच्या मुलाचा हात बरा झाला. त्याच्या उपचारांचा खर्च मी दिला. वहिनी घ्यायला तयार नव्हत्या, आईनं त्यांना घ्यायला लावला. गावच्या रस्त्यावरचा तो खड्डा ग्रामपंचायतीनं भरला, त्या दिवशी मीही धुमस घेऊन उभा होतो.

आता पहिला मोठा पाऊस लागला की मी छत्री घेऊन वाटेच्या तोंडाशी जातो. पाईपच्या तोंडाला पाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या, एखादी चप्पल अडकलेली असते. ती काढतो आणि पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहतो. थोडा वेळ काहीच येत नाही, मग गढूळ पाण्याचा लोट येतो आणि ओढ्याकडं निघून जातो.