अध्यक्ष ठरवतं कोण?

मागच्या वर्षी आमच्या होस्टेलवर मेस सेक्रेटरीची निवड झाली. एकानं नाव सुचवलं, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, टाळ्या वाजल्या. मागं कुणीतरी हात वर केला होता, पण तोवर रजिस्टरमध्ये ‘बिनविरोध’ लिहूनही झालं होतं. पुढं सहा महिने मेसमध्ये दोन गट दोन बाजूंना जेवत होते. मी कंधारचा. भाई केशवराव धोंडगेंच्या गावची पोरं राजकारण ऐकतच मोठी होतात. तेव्हा म्हटलं, हे भांडण नेमकं कशाचं ते जरा वाचून बघू.

अमेरिकेत पक्षाचं मोठं अधिवेशन भरतं आणि राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार तिथं जाहीर होतो. असं पहिलं राष्ट्रीय अधिवेशन १८३१ साली बाल्टिमोरला भरलं. १९२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला एक नाव ठरवायला १०३ वेळा मतदान घ्यावं लागलं! आपल्याकडं याच्या जवळचा प्रकार म्हणजे काँग्रेसच्या अध्यक्षाची निवड. आणि तिचा सगळ्यात गाजलेला प्रसंग म्हणजे सुरत, १९०७.

त्या काळी अध्यक्षाचं नाव मुख्यतः यजमान गावाची स्वागत समिती ठरवायची. अधिवेशनात फक्त सूचना, अनुमोदन आणि टाळ्या. १९०६ ला कलकत्त्यात जहालांना टिळक हवे होते. मवाळांनी ८१ वर्षांच्या दादाभाई नौरोजींना पुढं केलं. त्यांना विरोध कोण करणार? पेच टळला. त्याच अधिवेशनात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे चार ठराव झाले.

पुढचं अधिवेशन नागपूरला ठरलं होतं. तिथं अध्यक्षपदावरूनच वाद पेटला, म्हणून जागा बदलून सुरत केली. सुरतेत मवाळांचा जोर. मवाळांचे उमेदवार रासबिहारी घोष. जहालांनी नुकतेच मंडालेहून सुटलेले लाला लजपतराय यांचं नाव घेतलं, पण लालाजींनीच नकार दिला. खरी भीती वेगळीच होती. कलकत्त्याचे चार ठराव आता पातळ करतील, असं जहालांना वाटत होतं.

२६ डिसेंबरला घोष यांचं नाव मांडलं गेलं. अनुमोदनाला सुरेंद्रनाथ बॅनर्जी उठले आणि इतका गोंधळ झाला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांना चिठ्ठी पाठवली : मला सूचना मांडायची आहे. उत्तर नाही. घोष निवडून आल्याचं जाहीर झालं. टिळक व्यासपीठावर चढले, हाताची घडी घालून उभे राहिले आणि हलेनात. एवढ्यात एक मराठी वळणाचा जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथांना चाटून फिरोजशहा मेहतांना लागला. मग खुर्च्या उडाल्या, पोलिसांनी मंडप रिकामा केला. काँग्रेस दुभंगली ती १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत. तुटायला दोन दिवस, जोडायला नऊ वर्षं.

माझ्या मते सुरतेचं खरं कारण तो जोडा नव्हता. अनुत्तरित राहिलेली ती चिठ्ठी होती. आम्हा मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत, बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्हच नव्हता.

पुढं नियम बदलले. १९२० च्या नागपूर अधिवेशनात दर ५० हजार लोकसंख्येमागं एक प्रतिनिधी असं प्रमाण ठरलं. १९३९ मध्ये प्रतिनिधींनी मतं टाकली : सुभाषबाबू १५८०, पट्टाभी सीतारामय्या १३७७. पण वरच्या मंडळींना निकाल पचला नाही. कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असा ठराव त्रिपुरीला झाला आणि एप्रिलमध्ये सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. म्हणजे नुसती मोजणी पुरत नाही. निकाल मानायची तयारीही लागते.

ती तयारी आपल्याच भागात दिसली. आपला नांदेड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर जन्माआधीच बंदी आली, ती १९४६ ला उठली. लगेच अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एकीकडं स्वामी रामानंद तीर्थ, दुसरीकडं बूर्गुल रामकृष्णराव. स्वामीजी निसटत्या मतांनी निवडून आले. दोन्ही गटांचे मतभेद संपले नाहीत, पण संघटना त्या वेळी फुटली नाही. जून १९४७ मध्ये हैदराबादला तिचं पहिलं खुलं अधिवेशन स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली भरलं. भारतात विलीन होण्यासाठीचा लढा याच संघटनेनं पुढं नेला आणि १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस उगवला. नांदेडच्या विद्यापीठाला आज ज्यांचं नाव आहे, ते असे थोडक्या मतांनी निवडून आलेले अध्यक्ष होते.

मित्रांनो, यंदाही मेस सेक्रेटरीची निवड आहे. रेक्टर सरांना एकच विनंती : नावं दोन दिवस आधी बोर्डावर लावा, आणि मागच्या बाकावरचा हात आधी बघा. आणि आपण पोरांनी काय करायचं? हरलो तरी त्याच टेबलावर जेवायला बसायचं.