सीईटी नेमके काय तपासते?



गेल्या जुलैत गट ऑफिसात आडसालीची नोंद द्यायला आलेल्या एका सभासदाने सगळ्यांना पेढे वाटले. "पोराला सीईटीत बहात्तर पडले, फर्स्ट क्लास!" आम्हीही पेढा खाल्ला. पुढे इंजिनिअरिंगच्या याद्या लागल्या आणि मनातले कॉलेज काही मिळाले नाही. बापाने पोराला बोल लावले. चूक पोराची नव्हती. ते बहात्तर मार्क नव्हतेच. म्हणून या परीक्षेची थोडी ओळख करून घेऊ.

पेपर कसा असतो? इंजिनिअरिंगसाठी गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, वेळ 90 मिनिटे. भौतिक व रसायन मिळून 100 प्रश्न, प्रत्येकी 1 गुण, वेळ पुन्हा 90 मिनिटे. एकूण 200 गुण. म्हणजे गणिताच्या प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या आसपास, तर भौतिक-रसायनाच्या प्रश्नाला मिनिटही नाही! जीवशास्त्राच्या गटाला गणिताऐवजी जीवशास्त्राचे 100 प्रश्न असतात. अभ्यासक्रम आपल्या बोर्डाचाच. अकरावीचा भार 20 टक्के, बारावीचा 80 टक्के. अकरावीची पुस्तके रद्दीत घालू नका, ती याचसाठी.

बोर्डापेक्षा वेगळे काय? बोर्ड विचारते, "ओहमचा नियम लिहा." पाठ असेल तर गुण मिळतात. सीईटीच्या धर्तीचा प्रश्न असा: तार ताणून लांबी दुप्पट केली, तर रोध किती पट होईल? घाईत पोर म्हणते दुप्पट, आणि तो पर्याय समोर मांडलेलाच असतो. पण तार लांबली की बारीकही होते. जाडीचे क्षेत्रफळ निम्मे होते. म्हणून उत्तर चौपट. नियम कळला का, तो वापरता येतो का आणि तेही झटपट, एवढेच ही परीक्षा बघते.

आता त्या बहात्तरचे. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. एका सत्रात 10,000 मुले बसली आणि आपल्या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण 7,200 जणांना (आपला धरून) पडले, तर त्याचे पर्सेंटाइल 72. म्हणजे 2,800 जण त्याच्या पुढे. असे का करतात? परीक्षा अनेक सत्रांत होते, पेपर वेगवेगळे. एखादा अवघड, एखादा सोपा. आपण आडसालीचे टनेज सुरूच्या उसाशी लावतो का? नाही. आडसाली आडसालीशीच तोलायची. तसेच हे.

तीन गोष्टी पोरांना सांगा. एक, सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये. जेईई व नीटमध्ये मात्र कापतात, तिथे जपून. दोन, परीक्षा 2019 पासून संगणकावर आहे. घड्याळ लावून सराव पेपर सोडवावेत. तीन, बारावी सोडून चालत नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला ठरलेल्या विषयांत खुल्या गटाला 45 टक्के, राखीव गटाला 40 टक्के लागतातच. नियम बदलतात, तेव्हा दरवर्षीचे माहितीपत्रक जरूर वाचावे.

शेवटी एक. ऊस तोडीला आला का हे बघायला रसाचे चार थेंब घेऊन ब्रिक्स पाहतात. त्यावरून गोडी कळते, टनेज कळत नाही. सीईटीही तशीच. मुलाची चिकाटी, हातातली कला, प्रामाणिकपणा हे त्या दोन पेपरांत मोजले जात नाही. तेव्हा आकडा नीट समजून घ्या, त्याप्रमाणे कॉलेज निवडा, आणि आकड्यावरून पोराला तोडून बोलू नका. क्लासच्या फीसाठी जमीन गहाण टाकण्याआधी तर हे पान घरात सगळ्यांनी मिळून एकदा वाचावे, एवढीच विनंती.