नाताळात मुंबई : सत्तावीस हजारांचा हिशेब

कोल्हापूरहून ताईचा फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अगं, नाताळात मुलांना मुंबई दाखवायची म्हणतेय. पंचवीस हजारांत बसेल ना?" घरात माणसं पाच. ताई, भावोजी, चौदा वर्षांची लेक, दहा वर्षांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई. मी डोंबिवलीत दोन खोल्यांत राहते. एक रात्र पाच पाहुणे मजेत मावतात, तिसऱ्या रात्री बादल्या मोजाव्या लागतात. म्हणून मी तिला दरवेळी तेच सांगते. मुंबई बघायला स्वस्त आहे, झोपायला महाग. पैसे वाचवायचे तर ते बघण्यातून नाही, तारखांतून आणि खोलीतून वाचवायचे.

आधी तारखा. २०२६ मध्ये २५ डिसेंबर शुक्रवारी आहे. म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सलग सुट्टी, आणि अख्खा महाराष्ट्र त्याच तीन दिवसांवर डोळा ठेवून बसणार. हॉटेलवाल्यांनाही कॅलेंडर वाचता येतं. पण नाताळ काही २५ तारखेला उगवून त्याच रात्री मावळत नाही. वांद्र्याच्या हिल रोडवर कागदी तारे डिसेंबरच्या सुरुवातीपासूनच टांगलेले असतात. म्हणून माझा सल्ला असा की सोमवारी २१ तारखेला रात्री निघा, मंगळवारी सकाळी पोहोचा आणि शुक्रवारी, ऐन नाताळच्या रात्री, परतीच्या गाडीत बसा. मुक्कामाच्या तिन्ही रात्री आठवड्यातल्या मधल्या, गर्दी चढायच्या आतल्या. कॉन्व्हेंटच्या मुलांना तेव्हा सुट्टी असते. इतर शाळांतल्या मुलांचे तीन दिवस बुडतील, ते वर्गशिक्षिकेला आधी सांगून टाका.

आठवड्याचे वार दुसऱ्या कारणानेही बघायचे. घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. मागे एका बुधवारी आम्ही भर उन्हात राणीच्या बागेच्या बंद फाटकासमोर उभे होतो आणि भाचा मला "मावशी, तू मुंबईचीच ना?" असं विचारत होता.

आता येण्याजाण्याचं. एसटीचं गणित या कुटुंबाला फार सोयीचं आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर मोफत, बारा वर्षांच्या आतल्या मुलांना अर्धं. पूर्ण तिकीट समजा सहाशे रुपये धरलं तर भावोजींचे सहाशे, ताई, लेक आणि मुलाचे मिळून नऊशे, सासूबाईंचं शून्य. पाच माणसं पंधराशेत. सासूबाईंचं आधार कार्ड मात्र हाताशी हवं, बॅगेच्या तळाशी नको. रेल्वेत यातलं काही नाही. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे आणि मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर त्याचंही पूर्ण तिकीट. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या स्लीपरचं तिकीट साडेतीनशेच्या आतबाहेर पडतं, म्हणजे पाचजणांचे साधारण साडेसतराशे. अडीचशे रुपयांचा फरक. सासूबाईंच्या पाठीसाठी तेवढे द्यावेत, असं माझं मत.

पण त्यासाठी तिकीट मिळायला हवं. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, म्हणजे २१ डिसेंबरचं २२ ऑक्टोबरला. दसरा त्याच आठवड्यात, २० तारखेला. लोकांच्या डोक्यात तेव्हा दिवाळीच्या गाड्या असतात, नाताळ नसतो, आणि तिथेच आपल्याला वाव आहे. सकाळी आठला आरक्षण उघडतं. पहिल्या दिवशी ऑनलाइन तिकीट ज्यांचं खातं आधारशी जोडलेलं आहे त्यांनाच, तेव्हा ते काम आदल्या आठवड्यात उरकून ठेवा. तत्काळच्या भरवशावर राहू नका. कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर एक पैसा परत मिळत नाही.

खासगी बसचं भाडं सुट्टीत कसं फुगतं ते सांगायला नको. त्याला मर्यादा आहे हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. २०१८ च्या शासन निर्णयानुसार खासगी बसला त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त घेतलं तर तिकीट जपून ठेवा आणि आरटीओकडे तक्रार करा.

आता खोली, म्हणजे खर्चाचा खरा गड्डा. दोन वर्षांपूर्वी ताईने मोबाइलवरून दादरला एक खोली ठरवली. दाखवलेला दर चोवीसशे. रात्रभर प्रवास करून ही मंडळी सकाळी साडेसातला दारात, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, खोली दुपारी बाराला मिळेल, आत्ता हवी तर अर्ध्या दिवसाचे पैसे. शिवाय खोलीत माणसं तीनच. चौथ्या आणि पाचव्याला जादा गादी, प्रत्येकी सातशे. कर वेगळा. चोवीसशेची खोली पहिल्याच सकाळी पाच हजारांवर गेली, आणि भावोजी जिन्यात बसून चहा पीत मला फोन करत होते.

तेव्हापासून आमचा नियम असा की मोबाइलवर दर बघायचा, पण पैसे भरायच्या आधी हॉटेलला फोन लावायचा आणि चार प्रश्न विचारायचे. पाच माणसं, त्यात एक दहा वर्षांचा मुलगा, सगळं धरून एका रात्रीचे किती? चेक-इन किती वाजता, की चोवीस तासांचा हिशेब? २४ तारखेचा दर वेगळा आहे का, जेवण सक्तीचं आहे का? लिफ्ट आहे का? उत्तरं मेसेजवर लेखी मागायची. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के आहे. कोणी जुन्या सवयीने बारा लावला तर बिल बघून हटकायचं.

जागा कुठे घ्यावी? कुलाब्याचा मोह होतो, पण तिथे एका खोलीच्या पैशात दादरला दोन रात्री निघतात. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग मिळतात, फाटकाबाहेर पडलं की पोळीभाजी मिळते आणि रात्री दहालाही रस्ता जागा असतो. दोन खोल्यांऐवजी चार पलंगांची एक मोठी खोली आणि एक जादा गादी असं ठरवलं तर दिवसाला छत्तीसशे धरून चाला. ठाणे किंवा वाशी आणखी स्वस्त पडेल, पण सासूबाईंना रोज तासभर लोकलमध्ये उभं करून वाचवलेले पाचशे रुपये औषधाला जातात. आणखी एक वाट आहे. कन्फर्म तिकीट असेल तर रेल्वेच्या विश्रांतिकक्षातली खोली आयआरसीटीसीवरून ठरवता येते. खोल्या थोड्या आणि मागणारे फार, पण पहिल्या सकाळी आंघोळीपुरती मिळाली तरी काम होतं. नाहीतर सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत.

फिरायला लोकलच. दुसऱ्या वर्गाचं तिकीट पाच रुपयांपासून, चर्चगेट ते वांद्रे दहा रुपये. रेल्वेचं पर्यटक तिकीटही असतं. दुसऱ्या वर्गाचं एका दिवसाचं ७५, तीन दिवसांचं ११५, पाच दिवसांचं १३५. लोक ते स्वस्त म्हणून घेतात, पण पाच-दहा रुपयांच्या फेऱ्यांत ११५ रुपये वसूल व्हायला बरंच फिरावं लागतं. ते घ्यायचं रांग टाळण्यासाठी. विनातिकीट सापडलात तर २५० रुपये दंड आणि भाडं वेगळं, आणि दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पहिल्या वर्गात चढलात तरी सुटका नाही. सकाळी आठ ते अकरा चर्चगेट-सीएसएमटीकडे आणि संध्याकाळी पाच ते आठ उलट दिशेला जायचं नाही. मुलं घेऊन तर नाहीच.

ज्यांनी तीन-चार वर्षांत मुंबई बघितली नाही त्यांनी भुयारी मेट्रोने एकदा तरी जावं. आरे ते कफ परेड हा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून सुरू आहे, तिकीट दहा ते सत्तर रुपये. दादर, सिद्धिविनायक, सायन्स सेंटर, गिरगाव, हुतात्मा चौक अशी सोयीची स्थानकं आहेत आणि आजीसाठी सरकते जिने. बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं मे २०२५ पासून दहा रुपये, वातानुकूलितचं बारा. सीएसएमटीहून एनसीपीएकडे जाणाऱ्या डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की बारा रुपयांत मुलांची सहल होते.

टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये, रिक्षाचं २६. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला येत नाही, तेव्हा दादरला उभं राहून तिची वाट बघू नका. आणि टॅक्सीत माणसं चारच बसतात. पाचजणांचं कुटुंब म्हणजे दरवेळी दोन टॅक्स्या. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच भाडं सव्वापट.

मग नाताळ कुठे बघायचा? फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून सुरुवात करा. हे चर्च १७१८ च्या नाताळच्या दिवशीच प्रार्थनेसाठी उघडलं, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाज्यावरून चर्चगेट हे नाव आलं. मुलांना हे आधी सांगा, मग त्या स्थानकावर उतरा. तिकीट नाही. तिथून चालत काळा घोडा आणि गेटवे, पहिला दिवस संपला.

बुधवारी संध्याकाळी वांद्रे. स्टेशनपासून हिल रोड चालत जाण्याजोगा आहे. तारे, घंटा, गोठ्यातल्या बाळ येशूच्या मूर्ती, लाल टोप्या. पहिल्या दुकानातला भाव तिसऱ्या दुकानात निम्मा होतो. पुढे चढावर मोत मावलीचं देऊळ, म्हणजे माउंट मेरी चर्च; वांद्र्याच्या जुन्या माणसांचा शब्द मात्र हाच. बाहेर मेणाच्या वस्तू विकायला बसतात: मेणाचा हात, मेणाचं घर, मेणाचं बाळ. ज्याचं जे दुखणं किंवा मागणं, त्याचं ते मेण. ताईच्या सासूबाईंनी गुडघे दुखतात म्हणून मेणाचा पाय घेतला आणि घासाघीस न करता पैसे दिले, ही मागच्या सहलीतली अशी एकमेव घटना. केक बेकरीतूनच घ्या, पण शेवटच्या दिवशी. तीन दिवस लोकलमधून फिरवलेल्या प्लम केकचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

गुरुवारी सकाळी राणीची बाग. मोठ्यांना पन्नास, मुलांना पंचवीस, आणि आईवडील व दोन मुलांचं मिळून शंभर. दुपारनंतर गिरगावची खोताची वाडी. लाकडी जिन्यांची, कौलारू व्हरांड्यांची ही घरं आहेत, संग्रहालय नाही. गल्लीतून चाला, खिडक्यांतले तारे बघा, कुणाच्या ओट्यावर चढून फोटो काढू नका.

मध्यरात्रीच्या मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचा, आग्रह मी धरत नाही. प्रत्येक चर्चची वेळ निराळी, गर्दी दाट, आणि परतताना दोन टॅक्स्या सव्वापट दराने. त्याऐवजी २५ तारखेला सकाळी सामान क्लोकरूममध्ये टाकून वसई गाठा. तिथल्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत असते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो धक्काच असतो. मागच्या बाकांवर शांत बसा, सगळे उठले की उठा, आणि लोक प्रसादासाठी रांगेत जातात तेव्हा तुम्ही जागेवरच राहा. बाहेर गावोगावी गोठे सजवलेले असतात, ते बघायला कुणी पैसे मागत नाही. नंतर किल्ला. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतलेला हाच, आणि तोही मोफत. सुट्टीच्या दिवशी लोकल कमी धावतात, तेव्हा परतीला दोन तास हाताशी ठेवा.

जेवणाचं थोडक्यात. सकाळी उडुपी, दुपारी राइस प्लेट, संध्याकाळी वडापाव, रात्री थाळी. माणशी दिवसाला साडेचारशे. मोठ्या हॉटेलात बिलावर सेवा शुल्क दिसलं तर ते ऐच्छिक असतं, काढायला सांगा. हुज्जत झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

तर ताईचा हिशेब. रेल्वे जाऊन-येऊन साडेतीन हजार, खोली तीन रात्री दहा हजार आठशे, चार दिवसांचं जेवण नऊ हजार, शहरातला प्रवास दोन हजार, तिकिटं, तारा, केक आणि मेणाचा पाय मिळून सतराशे. सत्तावीस हजार झाले. पंचवीसमध्ये बसत नाही, ताई. राइस प्लेटऐवजी एक वेळ भडंग आणि दशम्या कोल्हापूरहून आणल्यास बसेलही, पण मग त्यातला अर्धा डबा माझ्याकडे ठेवून जायचा.

परतीच्या, २५ डिसेंबरच्या गाडीचं आरक्षण २६ ऑक्टोबरला सुटतं. आदल्या रात्री कोजागिरी आहे. दूध पिऊन उशिरा झोपाल, तेव्हा आठच्या आधी मीच फोन करून उठवीन.